जुनी लेन्स, गंगेवरचं धुकं आणि तुमचे प्रश्न

थंडी पडली की या पानावरचे प्रश्न बदलतात. पावसाळ्यात सगळे धबधब्याचं विचारतात, आता बहुतेक पत्रं धुक्याची आणि त्यातली निम्मी तरी घरात सापडलेल्या जुन्या लेन्सची. मला याचा खरंच आनंद होतो, कारण कपाटात पडलेली ती भिंगं परत उजेडात येताहेत. यावेळी नाशिकची चार पत्रं घेतली; त्यातली गंगा म्हणजे आपली गोदावरी.

ताई, पप्पांचा पेंटॅक्स के १००० कपाटात होता. त्याची ५० एमएम एफ २ लेन्स अ‍ॅडॉप्टर घेऊन माझ्या सोनी ए ६००० ला लावली. सकाळी गंगेवर धुक्यात फोटो काढले तर सगळे मळकट राखाडी आले. लेन्स खराब झालीय का, नवीन घेऊ का? (कॉलेज विद्यार्थी, पंचवटी)

नवीन काहीही घेऊ नकोस! आधी आतून टॉर्च मारून बघ, बुरशीचं जाळं किंवा दुधाळ थर दिसत नसेल तर लेन्स ठणठणीत आहे. चूक मीटरची आहे, आणि मीटरची तरी काय म्हणायची, तो समोर जे असेल ते मध्यम राखाडी धरूनच एक्स्पोजर ठरवतो, आणि धुकं तर पांढरट असतं, म्हणून तो त्याला ओढून राखाडी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) प्लस पॉइंट सात ते प्लस एक कर, हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजवीकडे सरकला पाहिजे पण टोकाला चिकटायला नको. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नकोस, पहाटेचा तो निळसरपणा ऑटो पुसून टाकतो आणि मग घरी येऊन आपण म्हणतो की डोळ्याला दिसलं तसं आलंच नाही. डेलाइटवर ठेव आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढ.

दुसरं, धुक्याच्या फोटोत एक तरी गडद गोष्ट जवळ लागते. नुसतं धुकं म्हणजे कोरा कागद. देवळाचा कळस, घाटाच्या पायऱ्या, पुलाची कमान, काहीही चालेल, पण जवळचं गडद, त्यामागचं फिकं, त्याच्याही मागचं अजून फिकं अशा पायऱ्या दिसल्या की चित्रात खोली येते. तुझी ५० ची लेन्स ए ६००० वर ७५ सारखी वागते, म्हणजे ती या पायऱ्या एकमेकींजवळ आणते आणि धुक्याला हे फार मानवतं. होळकर पुलावर उभं राहून खालच्या बाजूला बघ. सूर्य फ्रेमच्या जरा बाहेर ठेव आणि हूड नसेल तर तळहाताची सावली लेन्सवर धर, जुन्या काचेत बाजूचा उजेड शिरला की सगळं पांढरं पडतं. कधीकधी तो पांढरेपणा मुद्दाम हवा असतो, तेव्हा हात काढ, दोन्ही तऱ्हेचे फोटो काढून बघ.

मेन्यूत रिलीज विदाउट लेन्स (कॅमेऱ्यानं लेन्स ओळखली नाही तरी शटर पडू देणारं सेटिंग) चालू केलं असशीलच, नाहीतर शटर पडलंच नसतं. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवतं ते) पूर्ण भरवसा नको, स्क्रीन मोठी करून कळसाच्या कडेवर फोकस लाव. अ‍ॅडॉप्टरवर लेन्सची इन्फिनिटीची (अनंत अंतराची) खूण बरोबर जुळेलच असं नाही. छिद्र एफ ५.६ किंवा ८.

आणि एक विनंती. रामकुंडावर लोक दशक्रियेला, अस्थी विसर्जनाला येतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवू नकोस, धुक्यात ते कितीही सुंदर दिसलं तरी.

जुनी हेलिओस ४४-२ लेन्स घेतली, निकॉन डी ५६०० ला लावली, जवळचं छान येतं पण लांबचे डोंगर धूसरच येतात. ब्रह्मगिरीचा फोटो जमेचना. दुकानदार म्हणतो काचवाला अ‍ॅडॉप्टर घ्या. (नाशिकरोड)

यात लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. तुमची हेलिओस म्हणजे एम ४२ आट्यांची लेन्स, ती सेन्सरपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसायला बनवलीय आणि निकॉनचा माउंटच (लेन्स बसते ती कडी) ४६.५ वर, म्हणजे अ‍ॅडॉप्टर धरायच्या आधीच ती एक मिलिमीटर पुढे गेली. ५८ एमएमला एवढ्यानं दोन-तीन मीटरच्या पुढचं फोकसच होत नाही. काचवाला अ‍ॅडॉप्टर ते अंतर भरून काढतो पण त्या स्वस्त काचेतून हेलिओसची मजा निघून जाते, मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. कॅननच्या ईएफ माउंटचं अंतर ४४ आहे, तिथे हीच लेन्स साध्या रिंगवर चालते, मिररलेसवर तर प्रश्नच नाही.

मग आत्ता काय करायचं? जवळचंच काढा! पहाटे दवानं भिजलेलं कोळ्याचं जाळं, ज्वारीचं पान, मागे झाडांतून येणारा उजेड. हेलिओसचा तो गोल फिरणारा बॅकग्राउंड एफ २ ला आणि मागे पानं-उजेडाची गिचमिड असतानाच दिसतो, कोऱ्या आकाशापुढे नाही. तुमच्या लेन्सला छिद्राच्या दोन रिंगा आहेत, एकीवर आकडा ठरवायचा आणि दुसरी फिरवून उघडायचं-मिटायचं. उघडून फोकस करा, मिटून फोटो काढा. ब्रह्मगिरीसाठी निकॉनची जुनी, हातानं फोकस करायची एआय लेन्स शोधा, ती तुमच्या कॅमेऱ्यावर थेट बसते. फक्त मीटर चालणार नाही, मोड एम (मॅन्युअल) वर ठेवून एक-दोन फोटो वाया घालवून अंदाज घ्यायचा.

जुनी सुपर टाकुमार ५० एफ १.४ लेन्स मिळाली, काच चहासारखी पिवळी आहे. मित्र म्हणतो रेडिओअ‍ॅक्टिव्ह आहे, फेकून दे. (गंगापूर रोड)

फेकू नका. त्या मॉडेलच्या बऱ्याच लेन्समध्ये थोरियमवाली काच होती, काच त्यामुळेच पिवळी पडते. किरणोत्सर्ग असतो पण कमी, कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त मागची काच डोळ्याला लावून बसू नका आणि ती फोडायला-घासायला जाऊ नका. लेन्स यूव्ही दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. उन्हात ठेवणार असाल तर लेन्समधून एकवटलेला प्रकाश कशावर पडतोय ते बघा, आग लागू शकते. ब्लॅक अँड व्हाइट काढत असाल तर तसं ठेवलं तरी चालेल, हलका पिवळा फिल्टर आपोआप मिळाला समजा.

धुकं नक्की कधी आणि कुठे मिळतं? दोन रविवार गंगापूर धरणावर जाऊन रिकाम्या हाती आलो. आणि थंडीत लेन्सला काही होतं का? (सिडको)

रविवार बघून धुकं येत नाही हो. आदल्या संध्याकाळी आकाश बघायचं. ढग नाहीत, वारा पडलेला, आणि एक-दोन दिवसांपूर्वी अवकाळीचा शिडकावा होऊन जमीन ओली असेल तर अलार्म लावा. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं निवते, तिच्यावरची हवा गार आणि जड होऊन सखल भागात उतरते आणि पाण्याजवळच्या दमटपणाचं धुकं होतं. वारा सुटला की संपलं. जानेवारीत सूर्य सात ते सव्वासातच्या दरम्यान उगवतो, तुम्ही सहाला जागेवर पाहिजे, कारण खरा निळा उजेड सूर्य उगवायच्या आधीचा, आणि ऊन आल्यावर धुकं उठायला लागतं ती पंधरा-वीस मिनिटं पण सोडू नका.

धरणापेक्षा मी तुम्हाला निफाडकडे जा म्हणेन. गारठ्याचा कडाका तिथे शहरापेक्षा जास्त असतो, आणि नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी-कादवेचं पाणी पसरलेलं आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. ५०-५८ च्या लेन्सनं पक्षी हाती लागणार नाहीत, ते डोक्यातून काढा. पाण्यात उभी वाळलेली झाडं, काठावरचं गवत आणि लांब एक ठिपका बगळ्याचा, एवढं पुरतं.

लेन्सचं म्हणाल तर आपल्याकडच्या थंडीनं ती मरत नाही, फार तर जुनं ग्रीस घट्ट होऊन रिंग जड फिरते. दव मात्र जपा. गार लेन्स घेऊन तडक चहाच्या हॉटेलात वाफेत जाऊ नका, आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, मग आत जा. खरी वैरीण म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. माझ्या आईनं दिलेली एक लेन्स मी चामड्याच्या केसमध्ये ठेवून चार महिने उघडली नाही आणि बुरशीनं कोटिंग खाल्लं ते खाल्लंच, अजून वाईट वाटतं. चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ती वाळवून घ्या.

निफाडला जाताना अजून एक. कडाक्याच्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, तो धूर ओळींमधून खाली धरून राहतो आणि पहाटे जे दिसतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण त्या माणसाची रात्र जागून गेलेली असते आणि वर्षाचं पीक पणाला लागलेलं असतं. बांधावर थांबा, हाक मारा, विचारून मगच आत जा, आणि फोटो आले की त्यांना पाठवा.