गुळाच्या दुकानाच्या वेबसाइटला महिन्याला ५० जीबी बँडविड्थ पुरेल, की अनलिमिटेड प्लॅन घ्यावा?

पुरेल. फक्त तुमचं पान किती जड आहे ते आधी बघा, कारण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) विकणारा ते कधीच विचारत नाही.

माझ्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकान आहे. कापशी, पुडा, सगळा हातशिलाईचा माल. त्याची साइट ज्यानं करून दिली, तोच होस्टिंगही विकायचा. पहिल्याच पानावर चपलांचे १२ फोटो, मोबाइलवर काढले तसेच चढवलेले, एकेक ५ एमबीचा. म्हणजे पान एकदा उघडलं की ६० एमबी गेले. प्लॅन ५० जीबीचाच होता. भागाकार करा, आठशे-साडेआठशे वेळा पान उघडलं की महिन्याचा कोटा खलास. हे मी दादाला त्या माणसासमोर बसून सांगितलं होतं. तो साइटवाला म्हणाला, "फोटो बारीक केले तर शिलाई दिसत नाही, गिऱ्हाईक येणार कसं?" दादाला त्याचं पटलं.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये थेट कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नावही न घेता. २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली चप्पल! देशभर बोंब झाली, लोक नेटवर खरी कोल्हापुरी शोधायला लागले, आणि ऐन त्या वेळी दादाच्या साइटवर '५०९ बँडविड्थ लिमिट एक्सीडेड', म्हणजे कोटा संपला. गिऱ्हाइकं फोन करून विचारत होती, दुकान बंद केलं का म्हणून. अशी संधी दुकानदाराच्या आयुष्यात कितीदा येते?

साइटवाल्याचं उत्तर एकच, अनलिमिटेड घ्या. दादानं पैसे भरले. मग ५०९ गेला आणि ५०८ आला, म्हणजे रिसोर्स लिमिट. अनलिमिटेडमध्ये ट्रान्सफर, म्हणजे साइटवरून किती डेटा गेला ते, मोजत नाहीत एवढंच. सीपीयू, एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस, फाइलींची संख्या यांना मर्यादा असतेच आणि ती अटींच्या पानावर लिहिलेली असते. अनेक साइटी एकत्र ठेवलेल्या शेअर्ड सर्व्हरवर दुसरं काही शक्यच नाही. इथं कॅश, म्हणजे तयार पानाची साठवलेली प्रत, नव्हता; साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस सॉफ्टवेअर प्रत्येक माणसासाठी पान नव्यानं तयार करत होतं.

शेवटी पासवर्ड माझ्याकडे आला. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे केले, वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये, एकेक १५० केबीच्या आत. कॅश प्लगइन टाकलं. पान २ एमबीवर आलं आणि टाका न् टाका दिसतोय, कुणीही येऊन बघावं. त्याच ५० जीबीत आता ते २५ हजार वेळा उघडू शकतं. तुमच्या गुळाच्या ढेपेला तर एवढीही बारीक शिलाई दाखवायची नाही.

होस्टिंगवाले महिन्याच्या एकूण ट्रान्सफरलाच बँडविड्थ लिहितात, तिथंच घोळ होतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला दिवसभरात किती माणूस गेलं हा ट्रान्सफर. दारातून एका वेळी किती शिरतात ही बँडविड्थ. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, कारण ते बिट असतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. ६० एमबीचं पान दहा जणांनी एकदम उघडलं तर सगळ्यांना मिळून पाऊण मिनिट लागतं, मग कोटा कितीही शिल्लक असू दे. मोठा प्लॅन विकणाऱ्यानं हे दादाला एकदा तरी सांगायला हवं होतं.

तुम्हाला कुणी प्लॅन वाढवा म्हणालं तर आधी सीपॅनेलमधला (होस्टिंग सांभाळायच्या पानावरचा) बँडविड्थचा आकडा समोर ठेवायला सांगा, आणि कुठली फाइल सर्वांत जास्त खाते तेही. दाखवत नसेल तर होस्टिंग दुसरीकडून घ्या. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर ठेवा, दादाचं ते त्या माणसाच्या नावावर होतं आणि सोडवून घेताना आमचा जीव गेला.

एक राहिलं. सीपॅनेलच्या त्या आकड्यात ईमेल आणि एफटीपीही (सर्व्हरवर फाइली चढवणं-उतरवणं) धरतात, त्यामुळे बॅकअप वारंवार उतरवत असाल तर तोही मोजा. गुऱ्हाळाचा व्हिडिओ टाकायचा असेल तर यूट्यूबवर चढवून साइटवर एम्बेड करा; स्वतःच्या होस्टिंगवर ठेवलात तर वरचं गणित लागू होणार नाही.