उन्हाळ्यातला सराव, पुढचा मोसम आणि तुमचे प्रश्न

उन्हाचा कडाका वाढला की या सदराकडे येणाऱ्या धावपटूंच्या पत्रांचा सूर बदलतो. वेग घसरल्याची तक्रार बहुतेकांची असते आणि शर्यतींच्या तारखा जाहीर झाल्यामुळे घाईही असते. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : थंडीत किलोमीटरला ६:२० मिनिटांच्या पेसने (वेगाने) गप्पा मारत पळायचो, हार्ट रेट १४५ च्या आसपास असायचा. आता त्याच पेसला तो १६० च्या वर जातो आणि शेवटी धाप लागते. झोप, आहार, सराव सगळं तेच आहे. फिटनेस गेला का? सराव वाढवू का?

उत्तर : फिटनेस गेलेला नाही, आणि सराव तर आत्ता मुळीच वाढवू नका. पळताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव भाग पुढे जाण्याच्या कामी येतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी शरीर रक्त त्वचेकडे वळवतं. घामामुळे रक्तातलं पाणीही घटतं, एका ठोक्यात कमी रक्त फेकलं जातं आणि ती तूट भरून काढायला ठोके वाढतात. तुमचे १५ जास्तीचे ठोके इथून आले आहेत.

त्यामुळे उन्हाळ्यात हार्ट रेट धरून ठेवायचा आणि पेस सोडून द्यायचा. १४५ ला ७:०० चा पेस पडत असेल तर तोच तुमचा आजचा सोपा पेस. हार्ट रेटचा पट्टा नसेल तर पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतंय का ते बघा. अडखळायला लागलात की २ मिनिटं चाला. चालल्याने सराव बिघडत नाही. हट्टाने ६:२० धरून ठेवलेला सोपा रन मात्र शरीराच्या हिशेबी टेम्पो, म्हणजे जोरकस सलग रन, होतो, आणि आठवड्यात असे ४ टेम्पो झाले की महिनाभरात पाय तक्रार करणारच.

हवामान बघताना नुसतं तापमान पाहू नका, दवबिंदूही (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो) बघा. पहाटे आर्द्रता ९० टक्के दिसते म्हणून बरेच जण घाबरतात, पण ती टक्केवारी तापमानाबरोबर बदलत राहते. दवबिंदू दिवसभर साधारण तेवढाच असतो आणि घाम किती वाळेल ते त्यावर ठरतं. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अंगावरून टपकून गेलेला घाम जवळपास काहीच नेत नाही. दवबिंदू २० अंशांच्या वर गेला की पेस सैल सोडा, २४ च्या वर गेला की त्या दिवशीचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत पळायचे वेगाचे तुकडे) रद्द करून सोपं पळा. पहाटेचा खरा फायदा ऊन नसण्याचा आणि कमी तापमानाचा आहे.

शरीर सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. रोज ६० ते ९० मिनिटं उष्ण हवेत सोपं पळणं किंवा भरभर चालणं पुरतं. पहिल्या ४-५ दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढू लागतो. पुढे घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. मध्ये ३ आठवडे उष्णतेचा संबंधच आला नाही तर ही कमाई बरीचशी जाते. जोरकस सराव गार वेळेत, सोपा सराव थोड्या गरम वेळेत, अशी विभागणी करा.

प्रगती दिसत नाही म्हणून मन खचतं, त्यावर एक उपाय आहे. दर २ आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, १४५ च्या हार्ट रेटला ५ किलोमीटर पळा आणि वहीत पेस व दवबिंदू लिहा. दवबिंदू तेवढाच असताना पेस १० सेकंदांनी सुधारलेला दिसला की उन्हात घाम गाळल्याचं सार्थक झालं. हवा गार झाल्यावर तो फरक आणखी मोठा दिसेल.

प्रश्न : ९० मिनिटांच्या रनमध्ये किती पाणी प्यायचं? कुणी तहान लागण्याआधी प्या म्हणतं, कुणी लागल्यावरच. मला पोटात पाणी डुचमळल्यासारखं होतं.

उत्तर : पोट डुचमळतंय म्हणजे आतडी शोषून घेतात त्यापेक्षा जास्त पिताय. आपला आकडा आपणच मोजावा. त्यासाठी एक चांगला वजनकाटा आणि एक तास पुरतो.

लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा. समजा ते ६८.४ किलो भरलं. मोजलेलं ३०० मिली पाणी बरोबर घ्या आणि नेहमीच्या पेसने बरोबर १ तास पळा. मध्ये लघवीला जाऊ नका. परत आल्यावर कपडे काढा, अंग पुसा, पुन्हा वजन करा. ओल्या कपड्यांसकट वजन केलंत तर त्यात मुरलेला घाम मोजला जातो आणि हिशेब चुकतो. आता वजन ६७.५ आलं तर ०.९ किलो घटलं. त्यात प्यायलेलं ०.३ मिळवा. म्हणजे तासाला १.२ लिटर घाम. गार दिवशी, दमट दिवशी आणि जोरकस सरावाच्या दिवशी वेगवेगळं मोजा, कारण हे आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

सगळा घाम भरून काढायचा नाही. वजनातली घट २ टक्क्यांच्या आसपास राहिली तर चालते, म्हणजे ६८ किलोला साधारण १.४ किलो. २ तासांच्या रनमध्ये २.४ लिटर घाम जाणार असेल तर १ लिटर प्यायला लागेल. दर २० मिनिटांनी १६० ते १७० मिली, म्हणजे ४-५ घोट. तुमच्या ९० मिनिटांत १.८ लिटर घाम गेला तरी ४०० मिली पुरेल. तहान लागेल तसं प्यायलं तरी बहुतेकांचं भागतं. हा आकडा बरोबर किती पाणी न्यायचं ते ठरवायला कामी येतो.

रन संपल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर मात्र ती धोक्याची खूण समजा. पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्क्यांमध्ये तो सापडला. ज्यांचं वजन पळताना वाढलं होतं आणि ज्यांना ४ तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांच्यात तो जास्त होता. डोकं दुखणं, मळमळ, बोटातली अंगठी घट्ट होणं, मग गोंधळल्यासारखं वागणं, ही त्याची लक्षणं. अशा माणसाला 'पाणी कमी पडलं असेल' म्हणून आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. मिठाच्या गोळ्या घेतल्या म्हणून कितीही पाणी प्यावं असंही नाही.

९० मिनिटांच्या आत साधं पाणी पुरे. त्यापुढे १ लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर आणि पाव छोटा चमचा, म्हणजे दीड ग्रॅम, मीठ घाला. त्यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर वाढवू नका. दाट पेय पोटातून लवकर पुढे सरकत नाही आणि पुन्हा तेच डुचमळणं सुरू होतं.

प्रश्न : १८ आठवड्यांनी माझी पहिली फुल मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) आहे, त्याच्या ६ आठवडे आधी एक हाफ (२१.१ किलोमीटर). आठवड्यातून ४ दिवस पळतो, एकूण ३५ किलोमीटर होतात. हाफच्या पुढच्याच रविवारी एक १० के (१० किलोमीटरची शर्यत) पण आहे, तीही करावी का?

उत्तर : ती १० के सोडा. हाफ जीव तोडून पळल्यावर पाय सावरायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि तोच काळ तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या लाँग रनच्या तोंडावर येतो. १० के पळायचीच असेल तर ८ व्या आठवड्याच्या आसपासची शोधा. त्या वेळेवरून हाफचा पेस ठरवता येईल.

पहिले ६ आठवडे उन्हाचे आहेत, ते पाया घालण्यात घालवा. ३५ वरून ४५ किलोमीटरपर्यंत जा, पण दर चौथ्या आठवड्यात पाव भाग कमी करा. लाँग रन १४ वरून २० वर न्या. या काळात इंटरव्हल नकोत. आठवड्यातून दोनदा सोप्या रनच्या शेवटी २०-२० सेकंदांचे ६ स्ट्राइड्स (मोकळ्या वेगाच्या छोट्या धावा) आणि एकदा चढावर १० सेकंदांचे ८ जोरदार धक्के पुरेसे आहेत. दोन्हींत मध्ये पूर्ण दम खा. एवढ्या छोट्या तुकड्यांत अंग तापत नाही आणि पायांना वेगाची सवय राहते.

७ ते १२ या आठवड्यांत एक टेम्पो घाला. १५-१५ मिनिटांचे २ तुकडे, मध्ये ३ मिनिटं हळू, असं सुरू करून ३५ मिनिटांच्या सलग टेम्पोपर्यंत या. टेम्पोचा पेस म्हणजे साधारण तासभर शर्यतीत टिकवता येईल तो. लाँग रन २२ ते २६. हाफसाठी ७-८ दिवस सराव हलका केला की झालं. १३ वा आठवडा पूर्ण सोपा ठेवा.

१४ आणि १५ व्या आठवड्यात ३० ते ३२ किलोमीटरचे लाँग रन येतात. एकात शेवटचे १० किलोमीटर मॅरेथॉनच्या पेसने पळा, दुसरा सगळा सोपा. ३२ किलोमीटरला ३ तासांच्या वर बराच वेळ जाणार असेल तर ३ तास १५ मिनिटांवर थांबा. त्यापुढे फायदा थोडा आणि मोडतोड फार. तुमची अडचण वेगळीच आहे : ४ दिवस पळून ५० किलोमीटरच्या आठवड्यातले ३० एकाच दिवशी जातात. यावर उपाय म्हणजे मधल्या वारी १४-१५ किलोमीटरचा एक रन. तो चुकवून नुसता रविवारचा लाँग रन करणाऱ्यांचे पाय ३० किलोमीटरनंतर साथ सोडतात, असं आम्ही वारंवार पाहतो.

शेवटचे ३ आठवडे टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव उतरवत नेणं. एकूण अंतर आधी पाव भाग, मग जवळपास निम्मं, शर्यतीच्या आठवड्यात त्याहून कमी. टेम्पो मात्र बंद करू नका, लांबी कमी करा. वेगाचं काम पूर्ण सोडलं की पाय मऊ पडल्यासारखे वाटतात.

प्रश्न : १० के ५० मिनिटांत झाली. फुल मॅरेथॉनला किती धरू?

उत्तर : पीटर रीगेल यांचं सूत्र वापरा : दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात करून जुन्या वेळेला गुणायचं. १० के ला ५० मिनिटं म्हणजे हाफ साधारण १:५०, आणि फुल ३:५० च्या आसपास. हाफपर्यंतचा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. फुलसाठी हे सूत्र आठवड्याला ४०-५० किलोमीटर पळणाऱ्याला फार उदार ठरतं. पहिली फुल असेल तर ४ तास धरून सुरुवात करा. पुढे पाय साथ देत असतील तर ३० नंतर वाढवायला कुणी अडवत नाही.

प्रश्न : नडगीच्या आतल्या बाजूला दुखतं. पळायला लागल्यावर कमी होतं, संध्याकाळी पुन्हा दुखतं. पळणं थांबवू का?

उत्तर : अंगठ्याने हाडाची आतली कड वरून खालपर्यंत दाबत जा. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात दुखत असेल तर बहुधा हाडावरच्या आवरणावर आणि हाडावर ताण आलाय. अंतर निम्मं करा, उतार टाळा. रोज पोटऱ्यांसाठी टाचा उचलायचा व्यायाम करा : गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ आणि वाकवून १५ चे ३. बुटांचे किलोमीटर मोजा, ५०० ते ८०० च्या दरम्यान बहुतेक बूट बाद होतात.

बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना दुखत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर आजच पळणं बंद करा आणि डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. पाळी अनियमित झाली असेल किंवा थांबली असेल तर तेही डॉक्टरांना नक्की सांगा. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की हाडं कमजोर होतात, आणि नुसती विश्रांती घेऊन हे भागत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधली एक जण लाँग रनमध्ये झोकांड्या खायला लागली, असंबद्ध बोलू लागली. अंग घामाने ओलं होतं म्हणून उष्माघात नसेल असं आम्हाला वाटलं. अशा वेळी काय करायचं?

उत्तर : पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग ओलं असू शकतं. कोरड्या त्वचेची वाट बघू नका. उष्ण हवेत पळताना कुणी गोंधळलं, चिडचिड करू लागलं किंवा कोसळलं तर उष्माघात समजूनच हालचाल करा. कपाळावरचा किंवा काखेतला थर्मामीटर इथे फसवतो. आतलं तापमान ४० अंशांच्या वर असतानाही तो कमी दाखवतो.

एकाने रुग्णवाहिका बोलवावी, बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागावं. टब असेल तर बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवा आणि एकाने काखांखालून धरून डोकं वर ठेवावं. टब नसेल तर सावलीत न्या, अंगावर सतत गार पाणी ओता, वारा घाला, गार पाण्यात भिजवलेले टॉवेल सगळ्या अंगावर टाका आणि दर २-३ मिनिटांनी बदला. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं पाहिजे, म्हणून आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. अमेरिकेतल्या फाल्मथच्या ऑगस्टमधल्या शर्यतीत १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ घटनांची नोंद झाली. तिथे जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवायची सोय असते, आणि ते सगळे वाचले.

ताप येऊन गेलेला असताना, रात्रीची झोप झालेली नसताना किंवा सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या चालू असताना उन्हात जोरात पळू नका. उष्माघात होऊन गेलेल्यांनी डॉक्टरांनी सांगेपर्यंत बूट चढवू नयेत.

प्रश्न : प्रमाणित मार्गावरही घड्याळ हाफला २१.३५ किलोमीटर दाखवतं. मार्ग चुकीचा असतो का?

उत्तर : सहसा नाही. मार्ग मोजताना वळणांवरची सगळ्यात आखूड रेषा धरतात, शिवाय तो कमी भरू नये म्हणून किलोमीटरला १ मीटर जास्तीचा घालतात. तुम्ही गर्दीत बाहेरून वळता, पाण्यासाठी आडवे जाता, आणि जीपीएसची चूक वेगळीच. १:५० साठी मार्गावर ५:१३ चा पेस लागतो, पण घड्याळावर ५:०९ दिसला पाहिजे. ऑटो लॅप (घड्याळाने आपोआप किलोमीटर नोंदवणं) बंद करा आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या फलकाशी हाताने बटण दाबा.

प्रश्न : जेल (पळताना खायचा साखरेचा दाट पाक) घेतलं की मळमळतं. शर्यतीत काहीच न घेता चालेल का?

उत्तर : हाफमध्ये निभावेल, फुलमध्ये नाही. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं आणि एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतं. मळमळीचं कारण बहुधा जेल नुसतंच गिळणं किंवा साखरेच्या पेयाबरोबर घेणं हे असतं. जेलबरोबर साधं पाणी, १५० मिली. दमलेले असताना पहिलं घेऊ नका, ३५-४० व्या मिनिटाला घ्या, पुढचं दर अर्ध्या तासाने. आतड्यांनाही सवय लावावी लागते : येत्या ४-५ लाँग रनमध्ये आधी अर्धं, मग पूर्ण, आणि शर्यतीत जे घेणार तेच.