पूर्णांकाची अट घातली की मॉडेल अडकते, मग उत्तर सरळ ‘राउंड’ करून टाकले तर?

तुमचा प्रश्न मला असा समजला: चाळीस संभाव्य जागांपैकी गोदामे कुठे उघडायची आणि तीनशे ग्राहकांना माल कुठून पाठवायचा, याचे मॉडेल तुम्ही लिहिले आहे. गोदाम उघडे की बंद हे सांगणारी व्हेरिएबल्स ० ते १ च्या दरम्यान काहीही असू देत म्हटले, की सॉल्व्हर (असे मॉडेल सोडवणारे सॉफ्टवेअर) क्षणात उत्तर देतो. ती ० किंवा १ च हवीत म्हटले, की रात्रभर चालतो आणि सकाळी पाहावे तर गॅप, म्हणजे हातातले उत्तर सर्वोत्तमापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकते तो आकडा, १४ टक्क्यांवर अडकलेला. मग अपूर्णांकी उत्तरच जवळच्या पूर्णांकाला नेऊन का वापरू नये?

नका वापरू. पण ‘पूर्णांक म्हटले की असेच व्हायचे, मोठा संगणक घ्या’ हेही मी सांगणार नाही. तुम्ही दिलेल्या अटींमध्ये एक ओळ आहे, ‘गोदामातून जाणारा एकूण माल ≤ १०,००,००० × गोदामाचे व्हेरिएबल’. माझा सगळा संशय त्या दहा लाखांवर आहे. तिकडे वळण्याआधी राउंडिंगचा निकाल लावू.

कागदावर दोन मिनिटांत करता येईल असे उदाहरण घ्या. क्ष जास्तीत जास्त करायचा आहे. अटी दोनच: क्ष + २०य ≤ २० आणि क्ष − २०य ≤ ०, आणि क्ष ऋण नको. दोन्ही अटींची बेरीज केली की २क्ष ≤ २०, म्हणजे अपूर्णांक चालत असतील तर सर्वोत्तम उत्तर क्ष = १०, य = अर्धा. आता य पूर्णांक हवा. य ० केला तर दुसरी अट क्ष ला ० वर आणते, १ केला तर पहिली. इतर कोणताही पूर्णांक बसतच नाही. म्हणजे खरे उत्तर क्ष = ०. ‘१०’ च्या आसपास कितीही राउंडिंग करा, तिथून ते सापडणार नाही. (१०, ०) आणि (१०, १) या दोन्ही जोड्या अटी मोडतात. अटी दोन आणि व्हेरिएबल्स दोन असताना ही गत, तर चाळीस गोदामांचे काय सांगावे!

राउंडिंग कुठे चालते? जिथे आकडेच मोठे असतात तिथे. ४,८३२.६ नग बनवा असे उत्तर आले तर ४,८३२ बनवा, कोणाचे काही बिघडत नाही. जिथे पूर्णांक म्हणजे ‘हो की नाही’ आहे तिथे ०.४ ला अर्थच नसतो. काही प्रश्नांत तर राउंडिंगची वेळच येत नाही. कामे माणसांना नेमून देणे, ठरलेल्या पुरवठ्यातून ठरलेल्या मागणीकडे माल पाठवणे, सर्वांत जवळचा रस्ता शोधणे: यांत मागणी-पुरवठ्याचे आकडे पूर्णांक असले की कोपऱ्यावरची (अटींच्या सीमारेषा जिथे मिळतात तिथली) सगळी उत्तरे आपोआप पूर्णांक येतात. अटींच्या सारणीच्या कोणत्या रचनेमुळे असे घडते, हे हॉफमन आणि क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये दाखवले. तुमच्या मॉडेलचा अर्धा भाग याच जातीचा आहे. ते पुढे कामाला येईल.

आता सॉल्व्हर रात्रभर काय करत असतो ते पाहू. चाळीस ‘हो-नाही’ म्हणजे एक लाख कोटींहून अधिक पर्याय. ते सगळे तो तपासत नाही. एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० मध्ये मांडलेली ब्रँच-अँड-बाउंड पद्धत आजही या सगळ्याचा कणा आहे. आधी पूर्णांकाची अट सैल करून साधे रेषीय मॉडेल सोडवायचे. एखादे गोदाम ०.३ वर आले तर दोन फांद्या करायच्या, एकीत ते बंद, दुसरीत उघडे, आणि प्रत्येकीत पुन्हा तेच. कमीत कमी खर्च शोधायचा असेल तर प्रत्येक फांदीचे सैल उत्तर म्हणजे त्या फांदीत याहून स्वस्त काही मिळणार नाही अशी हमी. हातात आधीच असलेले पूर्णांक उत्तर त्या हमीपेक्षा स्वस्त असेल, तर ती अख्खी फांदी न उघडता छाटता येते. गॅप म्हणजे हातातले उत्तर आणि सगळ्या उरलेल्या फांद्यांची सर्वांत खालची हमी यांतले अंतर. थोडक्यात, सगळा खेळ या सैल उत्तराच्या दर्जावर आहे. ते वास्तवाच्या जवळ असेल तर झाड लवकर छाटले जाते. ते खुळचट असेल तर संगणक कितीही मोठा असला तरी फांद्या वाढतच जातात.

तुमचे दहा लाख नेमके तेच करतात. समजा एका गोदामाची क्षमता ५,००० नग आहे आणि त्यातून ४,००० नग जातात. तुमच्या अटीप्रमाणे त्याचे व्हेरिएबल ०.००४ असले तरी पुरते. म्हणजे सैल मॉडेल गोदाम उघडण्याच्या खर्चापैकी जेमतेम ०.४ टक्के मोजते आणि बाकीचा विसरते. त्याच्या दृष्टीने गोदामे जवळजवळ फुकट आहेत, तेव्हा ते जवळ पडतील ती सगळी थोडी-थोडी उघडते. आणि हे उत्तर तुम्ही राउंड करणार होता! ०.००४ जवळच्या पूर्णांकाला नेले की सगळी गोदामे बंद. वरच्या पूर्णांकाला नेले की मालाला हात लागलेली प्रत्येक जागा उघडी. मधला निर्णय, म्हणजे ज्यासाठी मॉडेल लिहिले तोच, त्या उत्तरात नाही.

म्हणून दहा लाखांच्या जागी त्या-त्या गोदामाची खरी क्षमता लिहा. ४,००० नगांसाठी व्हेरिएबल लगेच ०.८ वर येते. आजचे सॉल्व्हर सुरुवातीच्या छाननीत असा फुगवलेला आकडा स्वतःच खाली आणायचा प्रयत्न करतात, पण त्यांना अटींमधून जेवढे दिसते तेवढेच करता येते. क्षमता तुम्हाला माहीत आहे, मॉडेलला सांगितलेली नाही, तर ते ती कुठून आणणार?

दुसरा बदल लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक गोदाम-ग्राहक जोडीसाठी वेगळी अट घाला: ‘या ग्राहकाच्या मागणीचा या गोदामातून जाणारा हिस्सा ≤ या गोदामाचे व्हेरिएबल’. चाळीस गुणिले तीनशे, बारा हजार नव्या ओळी. पाहणारा म्हणतो की ही अट तर क्षमतेच्या अटीतच आली, गोदाम बंद असेल तर माल शून्यच जाणार. पूर्णांकांसाठी ते खरे आहे, अपूर्णांकांसाठी नाही. ग्राहकाची मागणी ५० नग आणि गोदामाची क्षमता ५,००० असेल, तर फक्त क्षमतेच्या अटीने त्याची पूर्ण गरज भागवायला व्हेरिएबल ०.०१ पुरते. जोडीच्या अटीने ते थेट १ व्हावे लागते. पूर्णांक उत्तरे दोन्ही मॉडेलांची तीच, पण दुसऱ्याची हमी कितीतरी घट्ट. मॉडेल जितके आटोपशीर तितके चांगले, ही कोड लिहिणाऱ्यांची सवय इथे नडते. एकेक रेषीय मॉडेल सुटायला थोडा जास्त वेळ लागेल, पण सोडवाव्या लागणाऱ्या मॉडेलांची संख्या सहसा इतकी घसरते की तो वेळ भरून निघतो. बारा हजार ओळी अगदीच जड वाटल्या तर मोडलेल्या तेवढ्याच घालत जा. १९५४ मध्ये डँट्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी ४९ शहरांचा फेरीवाल्याचा प्रश्न (सगळी शहरे एकेकदा फिरून परत येण्याचा सर्वांत छोटा मार्ग कोणता) असाच सोडवला: सगळ्या अटी लिहिणे अशक्य होते, म्हणून लागेल तशी एकेक अट घालत गेले.

तुमच्या दहा लाखांसारख्या मुद्दाम मोठ्या ठेवलेल्या आकड्याला बिग-एम म्हणतात. त्याचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो जास्त धोक्याचा, कारण तो दिसत नाही. सॉल्व्हर ‘पूर्णांक’ म्हणतो तेव्हा त्यात थोडी सूट धरलेली असते. बऱ्याच सॉल्व्हरमध्ये ती मुळात ०.००००१ असते. म्हणजे ०.००००१ हे त्याच्या लेखी ०. त्याला दहा लाखांनी गुणा: बंद गोदामातून १० नग बिनबोभाट जाऊ शकतात. ‘गोदाम बंद दाखवते, तरी त्यातून थोडा माल जातो’ अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकली आहे, आणि दर वेळी आधी बिग-एमकडेच बोट दाखवतो.

आता अर्ध्या भागाचे वचन. माल किती पाठवायचा हे सांगणाऱ्या व्हेरिएबल्सनाही तुम्ही पूर्णांक ठरवले आहे. ते काढून टाका. गोदामे एकदा ठरली की उरतो तो निव्वळ वाहतुकीचा प्रश्न, आणि मागणी व क्षमता पूर्णांक असतील तर तिथे पूर्णांक उत्तर मिळतेच. बारा हजार चाळीस पूर्णांकांऐवजी फक्त चाळीस. अपवाद एकच: एका ग्राहकाला एकाच गोदामातून माल मिळाला पाहिजे अशी अट असेल तर ही सूट नाही, तिथे जोडीचे व्हेरिएबल ०-१ ठेवावेच लागेल आणि प्रश्न खरोखर कठीण होईल.

एवढे केल्यावर गॅप किती खाली न्यायचा, हे मागणीचे आकडे कुठून आले त्यावर ठरवा. पुढच्या वर्षीची मागणी दहा टक्के इकडे-तिकडे होऊ शकते असे तुम्हीच लिहिले आहे. मग शेवटच्या अर्ध्या टक्क्यासाठी रात्र घालवण्यापेक्षा मी गॅप १ टक्क्यावर थांबवेन आणि मागणी कमी, मध्यम, जास्त अशी बदलून मॉडेल पुन्हा चालवेन. तिन्ही वेळा उघडी राहणारी गोदामे बिनधास्त सुचवा. एकदाच येणाऱ्यांवर वरिष्ठांशी बोलायला हवे, आणि तिथे ‘हे गोदाम बंद ठेवले तर खर्च किती वाढतो’ याचे उत्तर त्याचे व्हेरिएबल ० ला बांधून मॉडेल पुन्हा सोडवूनच काढा. रेषीय मॉडेलमध्ये मिळणाऱ्या शॅडो प्राइस (एखादी अट थोडी सैल केली तर उत्तर किती बदलते ते सांगणारे आकडे) पूर्णांकांच्या मॉडेलमध्ये तसा अर्थ देत नाहीत, त्यामुळे अहवालात त्या चिकटवू नका.

आधी फक्त दहा लाखांच्या जागी क्षमता घालून चालवा आणि लॉगमधली (सॉल्व्हर चालताना छापतो त्या नोंदींमधली) पहिल्या फांदीआधीची हमी जुन्या आकड्याशी ताडून पाहा. ती वर सरकली नाही तर जोडीच्या अटी घाला. त्यानंतरही ढिम्म असेल तर त्या लॉगच्या सुरुवातीच्या ओळी इथे टाका, म्हणजे मला पुढचे सांगता येईल.