कमी नाही का होणार?

प्रिय चिमे,

शनिवारी इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या सालामांका बाजारातून परतताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, तुला ते लाकडी भांडं आवडलं नव्हतं का? मग त्या आजोबांना 'थोडं कमी नाही का होणार' असं का विचारलंस?" तुझी आई खिडकीबाहेर बघून हसत होती, त्यामुळे तिकडून काही मदत येणार नव्हती. मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. घरी गेल्यावर तू हेडफोन लावलेस. म्हणून लिहितोय. वाटेल तेव्हा वाच.

"मला लाज वाटली" म्हणाली असतीस तर एवढं लागलं नसतं. ते निमूट ऐकून घेतलं असतं, वयात येणाऱ्या पोरांच्या बापांनी ते ऐकायचंच असतं. पण "आवडलं नव्हतं का" हे लागलं. अगं, आवडलं होतं म्हणूनच तर विचारलं. जे घ्यायचंच नाही त्याचा भाव कोण करत बसतो?

हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. आक्काची पिशवी धरून चालता चालता अंगात मुरलं. आक्का म्हणजे माझी आजी, तुझ्या कोल्हापूरच्या आजीची सासू. देवघराशेजारच्या फोटोत नऊवारी नेसून कॅमेऱ्याकडे रागाने बघतेय ना, तीच. ती रागावलेली नव्हती, डोळ्यांवर ऊन येत होतं एवढंच.

मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं गावी असायचो आणि आक्का सोमवारी वडगावच्या बाजाराला निघाली की एकाला बरोबर न्यायची. एकालाच. बाकीचे रडत मागे राहायचे. नंबर कधी लागेल याचा नेम नसायचा, म्हणून आठवडाभर आम्ही तिची कामं ऐकायचो. (आता वाटतं, तो तिचाच डाव होता.) एसटीतून उतरलं की आधी गुरांचा बाजार लागायचा. तिथं आक्का मला झपाझप ओढत न्यायची, पण मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. दोन माणसं समोरासमोर उभी, दोघांच्या हातांवर एक उपरणं टाकलेलं आणि खाली बोटांनी बैलाचा भाव चाललेला. तोंडाने एक शब्द नाही. चेहरे असे, की जणू पावसाची वाट बघतायत. बाजूला उभ्या असलेल्या दहा जणांना पत्ता नाही की सौदा कितीवर आलाय. मी तात्यांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारलं होतं, बोटं का धरतात? तात्या म्हणाले, "गरज किती आहे ते चारचौघांत कळू नये म्हणून." तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं.

मग धान्याची ओळ. किलो येऊन बरीच वर्षं झाली होती, पण आक्काच्या ओळखीची एक म्हातारी अजून मापट्यानेच हुलगे मोजायची. पहिलं माप ओतताना "एक" म्हणायची नाही, "लाभ" म्हणायची, मग "दोन", "तीन". प्रत्येक मापावर हाताने शीग चढवायची, अशी की वरचे चार दाणे घरंगळून पोत्यावर पडायचे. माझे डोळे त्या घरंगळणाऱ्या दाण्यांवर. आक्काचेही. कारण शीग किती उंच चढते यावरच पुढचा सगळा वाद असायचा. तिथं पैशाचा भाव कमी होत नसे, शीग वाढत असे.

आणि माठ. हे नीट सांगतो, कारण तू जे पाहिलंस त्याचं मूळ तिथं आहे. आक्का माठ आधी उचलायची, कानाशी धरायची आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. चांगला भाजलेला असला की टणकन वाजतो. बारीकशी चीर असली तरी आवाज बसका येतो. असे पाच-सहा वाजवून झाले की एक बाजूला ठेवायची. मग विचारायची.

"कितीला दिलास गं?"

"आठ रुपये."

"आठ? सोन्याचा हाय व्हय?"

"आक्का, भाजायला लाकूड मिळंना झालंय."

"पाच घे."

"पाचात मातीबी येत न्हाई. भवानी करा, सात द्या."

मग आक्का एकदम विषय बदलायची. लेक बाळंत झाली का, मुलगा झाला का मुलगी, दूध येतंय का, डिंकाचे लाडू केलेस का. कुंभारीणही सगळं सांगायची. माझे पाय दुखायचे. मग मध्येच, जणू काही सौदा केव्हाच ठरलाय अशा थाटात, आक्का साडेसहा रुपये तिच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "वर एक परळ दे झाकायला." ती परळ द्यायची. पैसे कपाळाला लावायची. सकाळची पहिली विक्री ना. आणि आम्ही निघताना म्हणायची, "पुढच्या सोमवारी येताना पोरीसाठी जुनी लुगडी आणा." आक्का न्यायची. मला ते चांगलं आठवतं, कारण बोचकं माझ्याच डोक्यावर असायचं.

आता यात दीड रुपया कुणाचा गेला, तू सांग. मला तेव्हा वाटायचं कुणाचाच नाही. आज तसं छातीठोक सांगवत नाही.

तात्यांना हे मुळीच आवडायचं नाही. ते बाजारात यायचेच नाहीत. आक्का घरी आली की ओसरीवरून टोमणा यायचा, "सोनाराकडं घडणावळ मागंल तेवढी देऊन येतीस आणि बुरडिणीपाशी चार आण्यांसाठी तास घालवतीस." आक्का उत्तर द्यायची नाही, पिशवीतून गोडी शेवेचा पुडा काढून त्यांच्या पुढ्यात टाकायची. गुळाच्या पाकातली जाड शेव, कागदाला चिकटलेली. तात्या गप्प. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाजारात एक गोष्ट आक्काला पक्की ठाऊक होती, की दिवस कलला की भाजी उतरते. पाटीतली मेथी परत पाच मैल डोक्यावर नेऊन उपयोग नाही, उद्या ती पिवळी पडणार. म्हणून भाजी ती सगळ्यात शेवटी घ्यायची. आक्काला थांबता येत होतं. त्या बाईला येत नव्हतं. उपरण्याखाली बोटं का धरतात, ते मला कळलं तेव्हा तात्या राहिले नव्हते.

पण याची दुसरी बाजू आक्कानेच सांगितली होती, आणि ती शाळेच्या पुस्तकात मला फार उशिरा भेटली. ती लग्न होऊन आली तेव्हा गावात माठाला भावच नव्हता. कुंभार वर्षभर घरोघर मडकी पुरवायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन त्याचं बलुतं न्यायचा, म्हणजे धान्याचा वाटा. सुतार, लोहार, चांभार, न्हावी, परीट, सगळ्यांचं तसंच. ऐकायला छान वाटतं, नाही का? घासाघीस नाही, पैसा नाही. पण खळ्यावर किती पदरात पडेल ते मालकाच्या हातात, आणि "मला परवडत नाही, मी देत नाही" असं म्हणायची कुणाला सोय नव्हती. महार-मांगांच्या वाट्याला तर काम सगळ्यात हलकं मानलेलं आणि वर अपमान. आक्का ते असं सांगायची नाही, ती म्हणायची, "तवा सगळं गोडीनं चालायचं." कुणाच्या गोडीनं, हे मी विचारलं नाही.

म्हणून मला ती बुरडीण आवडायची. सूप विणायची, बांबूच्या पातळ पट्ट्यांचं, घट्ट, पाणी ओतलं तरी क्षणभर थांबेल असं. एकदा आक्काने नेहमीसारखं अर्ध्यावर आणलं तर ती मान वर न करता म्हणाली, "न्हाई परवडत. ठेवा खाली." आक्काने ठेवलं. आम्ही निघालो. पार चपलांच्या ओळीपर्यंत गेलो. आक्का थांबली, वळली, परत गेली आणि तिने सांगितलेले पैसे मोजून सूप घेतलं. येताना रागात असेल म्हणून मी बोललोच नाही, तर हीच म्हणाली, "बाई खमकी हाय." आणि पुढे प्रत्येक सूप, टोपली, दुरडी तिच्याकडूनच. केरसुणीला मात्र आक्काने कधी भाव केला नाही. लक्ष्मी ती, तिचा भाव करत नाहीत, एवढंच कारण. तिच्या शेजारीच बसलेल्या बुरडिणीने विणलेलं सूप का नाही लक्ष्मी, असं विचारण्याइतका मी हुशार नव्हतो. तू विचारलं असतंस.

तर शनिवार. त्या आजोबांचं भांडं मी हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला. तूही घेतलास. हुऑन पाइन. त्यांनी सांगितलं ते तू माझ्यापेक्षा नीट ऐकलंस: हे झाड वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर जाडीने वाढतं, दोन हजारांहून जास्त वर्षं जगतं, जिवंत झाड आता तोडत नाहीत, नदीत नाहीतर जंगलात पडलेले जुने ओंडके शोधून त्यातून हे घडवतात. मी त्या भांड्यावरच्या रेषा बोटाने मोजायला लागलो आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. ते आजोबा हसले, म्हणाले नाही, पण पुसायला मेण देतो. आणि एक छोटी डबी दिली. तू ती डबी पाहिलीस का? मला तर ती परळच वाटली. तू मात्र तेव्हा दुसरीकडे बघत होतीस.

तुझं म्हणणं मला कळतं. तिथं पाटी लावलेली होती, किंमत लिहिलेली होती, आणि लिहिलेल्या किमतीवर बोलणं म्हणजे त्यांच्या कामावर बोलणं. तुझ्या जगात ते तसंच आहे आणि तू तिथंच वाढलीस. मी तुला भाव कर असं कधीच म्हणणार नाही. खरं सांगू, मलाही इथं महिनोन् महिने कुणाशी भाव करायची वेळ येत नाही. दुकानात जातो, यंत्रावर कार्ड टेकवतो, बाहेर येतो. त्या बाईची लेक बाळंत झाली का, मला माहीत नसतं. तिला मुलगी आहे का हेही माहीत नसतं. ते चांगलं की वाईट? सोयीचं आहे, एवढं नक्की.

पण तू गेल्या वर्षीचं आठव. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आल्या, आधी कोल्हापूरचं नावसुद्धा न घेता, आणि तूच मला फोनवर फोटो दाखवून चिडली होतीस, "बाबा, ही तर आजीची चप्पल!" कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक, मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, मग तळ कापायचा, कान लावायचे, वेणी गुंफायची, आणि वेणीचं बरंचसं काम बायका घरी बसून करतात. प्राडाच्या त्या चपलांची किंमत ऐकून मी आधी हसलो. मग माझ्या लक्षात आलं की कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत उभं राहून "दोनशे कमी कर, दोन जोड घेतो" म्हणणाऱ्यांत मी आहेच. मिलानमध्ये कुणी म्हणालं असेल का? मी तरी म्हणालो नसतो. पाटी बघूनच पळालो असतो. म्हणजे मी भाव करतो तो ज्याच्याशी करता येतो त्याच्याशी. तात्यांचा सोनार पुन्हा आला बघ.

मग आक्का वाईट होती का? असं तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, मला ठाऊक नाही कसं उत्तर द्यायचं. ती गेली तेव्हा तेराव्याला ती कुंभारीण आली होती, चालत. दारात बसून रडली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती दीड रुपयाचा हिशोब ठेवून होती की लुगड्यांचा, की कसलाच नाही, हे तिलाच माहीत.

बरं, एक कामाचं. डिसेंबरात कोल्हापूरला जायचंय. आजी म्हणतेय, ओळखीच्या कारागिराला आधी माप दिलं तर आपण पोचेपर्यंत जोड तयार होतो. कागदावर उभी राहा आणि दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरव, पेन्सिल सरळ धर, तिरकी नको, नाहीतर माप चुकतं. डावं-उजवं लिही. गोंडा हवा की नको तेही लिही. करकर वाजणारी हवी असेल तर आधी सांगावं लागतं, त्यांना तळात तशी सोय करावी लागते. किंमत काय असेल ती आजी फोनवर विचारेल, आणि तू म्हणशील तेवढेच देऊ. चपला नकोच असतील तर तसं सांग, मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. आजीला मात्र फोन तूच कर.

तुझा,
बाबा