हरवलेलं पाकीट आणून देणाऱ्याचे आभार कसे मानावेत? पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न वाचला. रत्नागिरीत रिक्षात पाकीट राहिलं, रिक्षावाले काका दुसऱ्या दिवशी घर शोधत आले, तुम्ही पाचशेची नोट पुढे केलीत आणि ते "असू दे, असू दे" म्हणत चहासुद्धा न घेता निघून गेले. आता तुम्हाला चुटपुट लागलीय की माणूस दुखावला की काय. आणि उलट आपल्यालाच कुणाचं पाकीट सापडलं तर काय करायचं, हेही विचारलंय.

मी कुडाळला झेरॉक्सचं दुकान चालवतो, त्यामुळे हरवल्या-सापडल्याचा कारभार माझ्याकडे रोजचाच. लोक झेरॉक्स घेतात, तीन रुपये सुट्टे देतात आणि ओरिजिनल काचेखाली सोडून एसटी पकडायला पळतात. रात्री शटर ओढण्याआधी मशीनचं झाकण उचलून बघायची सवयच झालीय. काउंटरखालच्या खणात या घडीला चार आधार कार्डं, एक पासबुक, बारावीची एक मार्कलिस्ट आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे आहे. एक्स-रे कुणी झेरॉक्सच्या दुकानात का आणला हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला या खणाने नाही शिकवलं. माझं स्वतःचं पाकीट हरवलं तेव्हा शिकलो.

तीनेक वर्षं झाली, नोव्हेंबरचे दिवस होते. मालवणला मशीनचा एक पार्ट आणायला गेलो होतो. येताना बंदराजवळच्या मार्केटात बांगडे घेतले, एका हातात पिशवी, दुसऱ्यात फोन, आणि पाकीट बहुतेक तिथेच पडलं. माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर, आणि तेही मी खिसा चाचपला म्हणून नाही. आमचं गाव कट्टा गावाच्या पुढे आत. अंगणात गाडी लावतोय तोच नाक्यावरचा चहावाला सायकल हाणत आला. म्हणाला, "तुझं पाकीट मालवणच्या मार्केटात आहे. उद्या सकाळी नऊच्या आत जा, मग ती बाई उठते."

झालं होतं असं, की जिला पाकीट सापडलं त्या मासेवाल्या काकींनी शेजारच्या पोराकडून आधारवरचा पत्ता वाचून घेतला. आमच्या गावाला जाणारी वस्तीची गाडी, म्हणजे रात्री गावातच मुक्काम करणारी एसटी, सुटायची होती. त्यांनी स्टँडवर जाऊन कंडक्टरला निरोप दिला, कंडक्टरने चहावाल्याला दिला. मी वाटेत एका मित्राकडे बसलो होतो, म्हणून निरोप माझ्या आधी गावात. पाकीट मात्र काकींनी कंडक्टरकडे दिलं नाही, स्वतःजवळ ठेवलं. तेव्हा मला वाटलं, दिलं असतं तर माझा हेलपाटा वाचला असता. नंतर कळलं की तेच बरोबर होतं. चार हात फिरून आलेल्या पाकिटातले शंभर रुपये कमी निघाले तर कुणाचं नाव घ्यायचं?

सकाळी गेलो. काकी पाटीवर बर्फ मारत होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "किती हुते आत?"

मी म्हटलं, सव्वीसशेच्या आसपास.

"मगे ह्यां तुझां न्हय."

बाजूच्या दोघीजणी सुरी थांबवून माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगतो, स्वतःचंच पाकीट मागताना चोरासारखं वाटलं. मग आठवलं की आदल्या दिवशी मालवणला जाताना पेट्रोल भरलं होतं. चोवीसशेच्या आतच असतील, म्हटलं. आणि आत आईच्या चष्म्याची पावती आहे, देवबागच्या ओळखीच्याने दिलेलं लाँड्रीचं बिल आहे, आणि एक जुनी, मधोमध फाटून चिकटपट्टी लावलेली वीसची नोट आहे. चिकटपट्टीची नोट ऐकल्यावर काकी हसल्या. पाटीखालून प्लास्टिकची पिशवी काढली, तिला तीन गाठी, आत दुसरी पिशवी, आत पाकीट. बर्फाच्या पाण्याने चामडं फुगलेलं, कडेला दोन खवले चिकटलेले.

मी पाकीट तसंच खिशात घालायला गेलो. एवढ्या भल्या बाईसमोर पैसे काय मोजायचे! तर त्यांनी माझा हातच धरला. "मोज. माझ्या समोर मोज, झिला. मगे माझ्यार नाव येवक नको."

मोजले. दोन हजार तीनशे चाळीस. मोठ्याने मोजायला लावले, बाजूच्या दोघींना ऐकू जाईल असे.

हे मी इतकं लांबण लावून सांगतोय, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. आपल्याला वाटतं, न मोजणं म्हणजे विश्वास दाखवणं. परत करणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याने रात्रभर दुसऱ्याचे पैसे सांभाळलेत, आणि त्याच्या डोक्यात एकच धास्ती आहे: याने घरी जाऊन मोजले आणि दोनशे कमी भरले तर? तो माणूस हातावर पोट असलेला असेल तर ही धास्ती जास्त, कारण संशय पहिला त्याच्यावरच येतो. त्याने मोजायला सांगितलं तर निमूट मोजावं. नाही सांगितलं तर आपणहून नोटा काढून बोटं ओली करत बसू नये, पण "सगळं जिथल्या तिथे आहे हो" एवढं त्याच्या देखत म्हणावं.

याला दुजोरा देणारं एक संशोधन आहे, 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं. 40 देशांतल्या 355 शहरांत मिळून सतरा हजारांवर पाकिटं मुद्दाम "रस्त्यात सापडलं" म्हणून बँका, हॉटेलं, पोस्ट ऑफिसं, पोलिस चौक्या अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली होती. आपल्याकडची शहरंही त्यात होती. पारदर्शक पाकीट, आत व्हिजिटिंग कार्डं, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत थोडे पैसे, काहींत काहीच नाही. अंदाज असा की पैसेवाली पाकिटं कमी परत येतील. झालं उलटं. बिनपैशाच्या पाकिटांपैकी साधारण 40 टक्क्यांच्या बाबतीत मालकाशी संपर्क झाला, पैसेवाल्यांच्या बाबतीत 51 टक्के. तीन देशांत रक्कम सातपट करून पाहिली, तर आकडा 72 वर गेला. किल्ली असलेली पाकिटंही बिनकिल्लीच्या पाकिटांपेक्षा जास्त परत आली. किल्लीचा सापडणाऱ्याला काडीचा उपयोग नाही, पण ज्याची हरवली त्याचा दारात खोळंबा, हे त्याला कळतं. आणि संशोधकांच्या मते, पैसे जास्त तेवढी, ते ठेवून घेतले तर आपल्याच नजरेत आपण चोर ठरू ही टोचणी जास्त. काकींनी हे सगळं "माझ्यार नाव येवक नको" यात बसवलं होतं.

आता पाकीट तुम्हाला सापडलं तर. काकींनी केलं ते आठवा, त्यात जवळजवळ सगळं आलं. पत्ता बघा, त्या बाजूला जाणाऱ्या माणसाकडे निरोप द्या, वस्तू स्वतःजवळ ठेवा, आणि मागायला येईल त्याला आतलं काय ते विचारा, आपण सांगू नका. गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं तर "मार्केटजवळ पाकीट सापडलंय, खूण पटवून न्या" एवढंच पुरे. मी रोज बघतो, लोक चांगल्या मनाने अख्ख्या आधार कार्डाचा फोटो नंबरासकट टाकतात, वर रक्कमही लिहितात. मग तीन मालक उभे राहतात आणि चौथा खरा असतो.

आमच्याकडे पत्त्यात वाडीचं नाव असलं की काम सोपं, त्या भागातल्या पोस्टमनला विचारलं की माणूस मिळतो. अडचण होते गणपतीत आणि मे महिन्यात. तेव्हा सापडलेल्या पाकिटावर पत्ता नालासोपाऱ्याचा किंवा डोंबिवलीचा, आणि चाकरमानी कुठल्या वाडीत उतरलाय कुणाला माहीत! अशा वेळी आडनाव बघून दोन-चार घरांत विचारा. बँकेचं कार्ड असेल तर त्याच्या मागच्या नंबरवर फोन करा. बँक तुम्हाला गिऱ्हाईकाचा नंबर देणार नाही, पण त्याला निरोप पोचवायला सांगता येतं. एसटीत सापडलं तर कंडक्टर किंवा स्टँडवरचे कंट्रोलर, रेल्वेत सापडलं तर आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) किंवा रेल्वेची हेल्पलाइन 139. काहीच धागा नसेल तर सरळ पोलिस स्टेशन, आणि दिल्याची पोच घ्या. पोच मागायला लाजू नका.

कायद्याचं थोडक्यात. सापडलेली वस्तू मालकाला द्यायच्या इराद्याने उचलणं हा गुन्हा नाही. पण मालक माहीत असताना, किंवा शोधायची साधी खटपटही न करता ती पचवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागू शकतं. 1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड संहितेचं 403 होतं. दुसरी गंमत 1872 च्या करार कायद्यात, कलम 168 मध्ये. सापडलेल्या माणसाला आपल्या खटपटीच्या खर्चासाठी मालकावर दावा करता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. आणि मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी मात्र दावाही करता येतो. माझ्या ओळखीत कुणी पाकीट अडवून ठेवलेलं नाही. पण यातलं एक तत्त्व मला पटतं, ते म्हणजे खर्च वेगळा, बक्षीस वेगळं. तुमच्या काकांनी घर शोधायला रिक्षा फिरवली. "काका, पेट्रोलचे तरी घ्या" असं म्हटलं असतंत तर कदाचित घेतले असते. नोट हातात कोंबण्याला मात्र बक्षिशीचा वास येतो.

हे मला आधी कळत होतं असं समजू नका. मीही मार्केटात पाचशेच काढले होते. काकींनी नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी काय तुझ्याकडे कामाक आसंय?" मी खजील होऊन तीनशेचे बांगडे घेतले, पाचशे देऊन म्हटलं, राहू दे वरचे. त्यांनी दोनशे मोजून परत दिले आणि वर दोन बांगडे जास्तीचे टाकले. म्हणजे आलो होतो फेडायला आणि देणं वाढवून घरी गेलो.

आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "पैसे कित्याक काढलंस तिच्या समोर?" संध्याकाळी तिने ग्रामदेवतेला घातलेल्या गाऱ्हाण्याचा नारळ ठेवला (तिच्या हिशेबात पाकीट देवीने दिलं, काकी निमित्त), आणि मग स्टीलच्या डब्यात घरची सोलं (आमसुलं) भरली. मे महिन्यात गच्चीवर वाळवलेली, रसाची पुटं चढवून काळी झालेली. वर दोन नारळ. पुढच्या खेपेला मी ते घेऊन गेलो. म्हटलं, आईने दिलंय. काकींनी हातसुद्धा न पुसता डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, आणि बाजूचीला दाखवला. एका शब्दाने नको म्हणाल्या नाहीत.

पैसे देऊन आपण व्यवहार मिटवायला बघतो, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. घरच्या वस्तूत ती घाई नसते. म्हणून तुम्हाला सांगेन: काकांचा स्टँड माहीत असेल तर चार दिवस जाऊ द्या, मग घरात जे होत असेल ते घेऊन जा. आंबा असेल तर आंबा, नाहीतर घावण्याचं पीठ, कुळथाची पिठी, काहीही. विकतचा मिठाईचा बॉक्स शक्यतो नको. घरातलं एखादं मोठं माणूस बरोबर असेल तर अजून चांगलं, आणि स्टँडवरच्या बाकीच्या रिक्षावाल्यांसमोर "यांनी माझं पाकीट घर शोधून आणून दिलं" हे मोठ्याने बोला. फेसबुकवर फोटो टाकायचा विचार असेल तर आधी त्यांना विचारा. मी काकींना विचारलं होतं, त्यांनी कोयता दाखवला.

पाकीट मी अजून तेच वापरतो. पाऊस पडला की बांगड्याचा वास येतो, बायको ते कपाटात ठेवू देत नाही.

आणि तो डबा. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, तुमच्याकडेही नसतीलच. महिन्याभराने वस्तीच्या गाडीने तो आला, आत सुके बांगडे. आईने त्यात तांदळाचे पापड घालून पाठवला. मग तिकडून सुकी सुंगटं (कोळंबी) आली. तीन वर्षं हेच चाललंय. सध्या डबा आमच्याकडे आहे, आणि आई सकाळपासून कुरकुरतेय की यंदाची सोलं नीट वाळली नाहीत, आता त्यात घालायचं काय.