बाबांना न सांगता कुळागर विकता येईल का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं चौघांचं कुटुंब, स्वतःचं कुळागर (सुपारीची बागायत) असलेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील ६३ वर्षांचे, गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर. शस्त्रक्रिया झाली होती, रेडिएशन सुरू व्हायचं होतं. वडिलांना मात्र सांगितलं होतं, दात लागून झालेली जखम काढली. दोघे मुलगे विचारत होते, "त्यांना कळू न देता कुळागर विकून पैसे उभे करता येतील का?"

हा प्रश्न बऱ्याच घरांतून येतो. गोव्यात त्याचं पहिलं उत्तर कायदाच देतो. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची स्थावर मालमत्ता दोघांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. म्हणजे वडिलांची सही हवी, आईचीही हवी. त्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) काकांची नावं अजून तशीच होती. वाटणी झाल्याशिवाय चांगला गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि घाईत सापडलेला गिऱ्हाईक भाव पाडून मागतो.

म्हणून आधी हिशेबाची वही उघडली. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेत चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांचं संरक्षण आहे. यांचं कार्ड कपाटात होतं, नूतनीकरण राहून गेलेलं. आईचे दागिने मात्र तोवर गहाण पडले होते. क्रम उलटा झाला की असंच होतं. योजनेची मंजुरी हॉस्पिटलकडून, उपचाराआधी घ्यायची असते. आधी रोख भरून मागून बिल दाखवलं तर पैसे हाती येणं कठीण. जे उपचार गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) होत नाहीत त्यांच्यासाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना आहे. त्यासाठी गोमेकॉची शिफारस, बाहेरच्या हॉस्पिटलचा खर्चाचा अंदाज आणि मामलेदार कचेरीतले दाखले लागतात. हीही फाईल आधीच घालायची.

योजना धरूनही उरतं ते वेगळं मांडलं. रेडिएशनची ३० सिटिंग, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ६ आठवडे. जाऊन-येऊन गाडीला हजार धरले तरी ३० हजार. शिवाय सोबत जाणाऱ्याची बुडणारी रोजी. हा आकडा बहुतेक घरं धरतच नाहीत, आणि चौथ्या आठवड्यात कर्ज काढतात.

आता वडिलांना सांगणं. डॉक्टरांच्या खोलीत, आई आणि दोघे मुलगे समोर असताना. सुरुवात सांगण्याने नाही, विचारण्याने करायची: "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" ते थोडा वेळ गप्प राहिले, मग टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "गाठ माझ्या गालात, आणि सल्लामसलत तुम्ही माझ्या पाठीमागे." त्यांना शस्त्रक्रियेच्या दिवसापासून अंदाज होता, वॉर्डाच्या दारावरची पाटी त्यांनी वाचली होती. इतके दिवस ते एकटेच त्या भीतीशी झुंजत होते. लपवण्यात माया असते, हे खरं. पण तिची किंमत आजारी माणूस मोजतो.

त्यानंतर गोष्टी भराभर सुटल्या. कुळागर विकायचं नाही, यंदाची सुपारी विकायची, हे त्यांनीच ठरवलं. काकांना फोनही त्यांनीच केला, आठवड्यातले दोन दिवस काकांची गाडी मिळाली. किडका दात रेडिएशनआधी काढून घेतला. नंतर काढल्यास जबड्याचं हाड भरून येत नाही, अशी भीती असते.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचा १ चमचा मीठ आणि १ चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा. तिखट आणि आंबट बंद; सोलकढीसुद्धा. पेज पातळ करून, त्यात तूप आणि मऊ शिजवलेली मुगाची डाळ घालून, दर दोन तासांनी वाटीभर. वजन दर सोमवारी, एकाच काट्यावर. ते घसरू लागलं की आहारतज्ज्ञाला लगेच सांगायचं, नळीने अन्न द्यावं लागेल का हे डॉक्टर ठरवतात.

ती वही आता वडिलांकडे असते. एका पानावर त्यांच्या अक्षरात: "सिटिंग १९. पेज चार वाट्या. वजन ५४. गाडी: भावाची."