पक्षीवेध : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिसेंबरमधील एका रविवारी सकाळी अकराला आम्ही शिवडीच्या जेट्टीवर पोहोचलो. दूर चिखलात फ्लेमिंगोंचे गुलाबी ठिपके तेवढे दिसले. हिवाळ्यात पक्षी पाहायला नेमके कधी आणि कुठे जावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपण कळवलेली तारीख पंचांगात पाहिली असता त्या दिवशी अष्टमी होती, आणि सारा घोळ तिथेच आहे. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे निघते, असे किनाऱ्यावरचे जुने गणित आहे. अष्टमीला उत्तर येते सहा. म्हणजे सकाळी सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अकरा वाजता पाणी पार हटलेले असते आणि उघड्या पडलेल्या चिखलातील किडे व शिंपले टिपत पक्षीही पाण्यामागोमाग दूर गेलेले असतात. पाणी चढू लागले, की तेच पक्षी मागे सरत काठाशी येतात. म्हणून भरतीच्या आधीचे दोन-तीन तास साधावेत. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या प्रतिपदेला वा द्वितीयेला भरती दुपारी पाऊण ते दीडच्या दरम्यान येते, त्यामुळे दहा-साडेदहाला पोहोचणाऱ्यालाही उशीर होत नाही. निघण्यापूर्वी मात्र भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक पाहावे, कारण हे गणित अंदाजापुरतेच आहे आणि खाडीत आत भरती थोडी उशिरा पोहोचते.

जागेविषयी म्हणाल, तर सकाळसाठी मी ऐरोली सुचवेन. शिवडीहून पूर्वेकडे पाहावे लागत असल्याने ऊन डोळ्यांवर येते. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर असल्याने सूर्य पाठीशी राहतो. तेथील नौकाफेऱ्याही भरतीच्या पाण्यावरच अवलंबून असतात. २०१५ मध्ये घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचे दर्शन या फेरीत चांगले घडते.

फ्लेमिंगोंची खरी गर्दी पाहायची असेल, तर जानेवारीनंतर यावे; मे महिन्यातही ते असतात. डिसेंबरचे मानकरी वेगळेच. मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले छोटे-मोठे चिखलपक्षी तेव्हा भरपूर असतात, पण सगळे तपकिरी-करडे दिसत असल्याने बहुतेक जण त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्यांतल्याच एखाद्या गॉडविटवर दुर्बीण स्थिर ठेवून पाहा : लांब, सरळ चोच तो थेट डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसतो, आत चाचपतो आणि सापडलेला किडा बाहेर ओढून गिळतो. शेजारच्या चिखल्याची, म्हणजे प्लोव्हरची, चोच आखूड असते. तो चार पावले धावतो, थबकतो आणि वरवरचेच टिपतो.

प्रश्न : मोठा आणि छोटा फ्लेमिंगो कसा ओळखावा? थव्यातील मळकट पक्षी आजारी असतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : उंचीवर विसंबू नका, एकटा पक्षी असेल तर हमखास चकवा बसतो. चोच पाहा. मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते. छोट्याची गडद लाल, दुरून जवळजवळ काळीच भासते. मळकट दिसतात ती आजारी नव्हेत, अल्पवयीन पिल्ले आहेत. गुलाबी रंग त्यांना खाद्यातून, म्हणजे शेवाळ आणि बारीक कवचधारी जीवांमधील कॅरोटिनॉइड द्रव्यांतून मिळतो आणि तो पुरता चढायला काही वर्षे लागतात.